‘अंदाज चुकला’ म्हणजे नेमका कसला? हेलिकॉप्टरचे सराव, दर्या आणि अपघात

भाट्येकर | सोम, रात्री ९:१२

हेलिकॉप्टर पडलं की दोन-चार दिवसांत पेपरात ओळ येते, ‘वैमानिकाचा अंदाज चुकल्याचा प्राथमिक निष्कर्ष’. झालं, पुढची बातमी. कसला अंदाज, ते कुणी लिहीत नाही. उंचीचा, वेगाचा, वाऱ्याचा? त्यात सराव उड्डाण असेल तर मला मुळीच उलगडत नाही. शेजारी अनुभवी माणूस असतो, हवामान बघून निघालेले असतात, कुणाला वाचवायची घाई नसते. तरी पडतं.

रत्नागिरीकरांना हेलिकॉप्टरचं अप्रूप नाही. मिरजोळ्याचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे. चिपळूणच्या २०२१च्या पुरात छपरावर बसलेल्या माणसांनी याच पंख्यांची वाट बघितली. पण धाग्याचं निमित्त लांबचं आहे. २८ जुलै २०२३च्या रात्री ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडेमन बेटापाशी लष्कराची चार हेलिकॉप्टरं एकामागोमाग समुद्रावरून खालून चालली होती. युद्धसराव होता. त्यातलं तिसरं, एमआरएच-९० टायपन, थोडं वर चढलं, मग नाक खाली गेलं आणि काही सेकंदांत पाण्यात. चौघे होते, चौघेही गेले. २०२५ मध्ये अहवाल आला. वैमानिकाला दिशाभ्रम झाला होता आणि तो झालाय हे त्याला कळलंच नाही, असा त्याचा गाभा. थकवा, हेल्मेटमध्ये दिसणारी चिन्हं, यांवरही चौकशीत बराच खल झाला.

‘कळलंच नाही’ हे माझ्या गळी उतरत नाही. आपण कुठल्या बाजूला कलतोय हे माणसाला कसं कळत नाही? जाणकारांनी लिहा. ‘ज्याची वेळ भरली’ छाप प्रतिसाद नकोत.

चिंचगूळ | सोम, रात्री ९:२०

वाचतेय. पाट घेऊन बसलेय.

वाकडीवाट | सोम, रात्री ९:३१

त्यात न कळण्यासारखं काय आहे? वैमानिक गेलेला असतो, तो उठून बोलत नाही. म्हणून चूक त्याची. बनवणारा सुटला, विकत घेणारा सुटला, उडवायला लावणारा सुटला.

निवृत्त_विंच | सोम, रात्री १०:०५

वाकडीवाट, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्या अर्ध्यावर नंतर येतो.

मी वैमानिक नव्हतो. नौदलात हेलिकॉप्टरच्या मागच्या दारात, विंचवर. म्हणजे दोराने माणूस खाली सोडायचा आणि वर घ्यायचा. आता दापोलीला असतो. पण मागच्या दारातून खाली पाणी बघत बरीच वर्षं काढली, तेवढ्या जोरावर लिहितो.

भाट्येकर, आधी उंचीचं घ्या. जमिनीवर उंची डोळ्याला कशावरून कळते? झाड, घर, गुरं, रस्ता. या गोष्टी केवढ्या असतात हे आपल्याला ठाऊक असतं, त्यावरून डोकं हिशेब करतं. समुद्रावर हा हिशेब करायला काही नसतं. लाट दोन फुटांची की सहा फुटांची हे वरून कळत नाही, कारण शेजारी माप धरायला काही नाही. आणि मार्च-एप्रिलात सकाळी वारा पडलेला असताना पाणी अगदी तेल होतं ना, तो दिवस सर्वांत वाईट. लोकांना वाटतं, शांत समुद्र म्हणजे सोपं काम. उलट आहे. खवळलेल्या पाण्यावर निदान फेस दिसतो. तेलासारख्या पाण्यावर पन्नास फूट आणि दोनशे फूट यांत डोळ्याला फरक पडत नाही. म्हणून रेडिओ अल्टिमीटर असतो. तो खाली लहर सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची सांगतो. ठरवलेल्या उंचीखाली गेलात की ओरडतो. पण तो ओरडेपर्यंत तुम्ही किती वेगाने खाली येत होतात, यावर सगळं.

दुसरं, एका जागी तरंगत थांबणं. पंख्याची हवा पाण्यावर आपटते आणि तुषारांची कडी चहूकडे पळत सुटतात. वैमानिक त्यांच्याकडे बघत राहिला तर त्याला वाटतं आपणच सरकतोय. तो सरकणं थांबवायला काठी हलवतो, आणि आता खरंच सरकायला लागतो. म्हणून मागचा माणूस सतत बोलत असतो, ‘पुढे पाच, पुढे तीन, थांब, उजवीकडे दोन.’ ती बडबड म्हणजे वैमानिकाचे डोळे. ती थांबली की तो आंधळा.

कानगोष्टी | सोम, रात्री ११:४०

मी चिपळूणला नाक-कान-घशाची डॉक्टर. आमच्याकडे चक्कर येते म्हणून येणारे पेशंट आणि हे वैमानिक यांचा आजार एकाच जागचा आहे, म्हणून लिहिते. पेशंटचा कान बिघडलेला असतो. वैमानिकाचा कान ठणठणीत असतो आणि तरी फसवतो.

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तीन वेगवेगळ्या पातळ्यांत. त्यांत द्रव. डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव क्षणभर मागे राहतो, त्याने आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. मेख इथे आहे. तुम्ही त्याच वेगाने फिरत राहिलात तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरायला लागतो. केस सरळ होतात, खबर बंद. वळण चालू आहे, पण कान म्हणतो आपण सरळ. मग वैमानिक खरोखर सरळ झाला की कान ओरडतो, दुसऱ्या बाजूला कललास! आणि तो पुन्हा पहिल्या बाजूला कलवतो. शिवाय वळण फारच हळू असेल, सेकंदाला साधारण दोन अंशांहून कमी, तर कानाला ते सुरू झालेलंही कळत नाही.

आणखी एक. वेग एकदम वाढला की शरीराला नाक वर उचलल्यासारखं वाटतं. माणूस आपसूक नाक खाली दाबतो. खाली समुद्र असेल तर पुढचं सांगायला नको.

दिवसा हे सगळं डोळे दुरुस्त करतात, कारण क्षितिज दिसतं. रात्री, पावसात, पाण्यावर क्षितिज नसतं. उरतो कान, आणि समोरची तबकडी. शिकवतात ते हेच की अशा वेळी अंगावर नव्हे, तबकडीवर भरवसा ठेवा. वैमानिकांना डोळे मिटून एका फिरत्या खुर्चीत बसवतात. रॉबर्ट बारानी यांच्या नावाची खुर्ची. १९१४चं नोबेल त्यांना कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या कामासाठीच मिळालं, हे आमच्या शाखेचं भूषण, म्हणून जाता जाता सांगून टाकते. खुर्ची थांबलेली असते आणि बसलेला शपथेवर सांगतो की मी उलटा फिरतोय. मुद्दा असा, की ज्याला हे शंभर टक्के माहीत आहे त्यालाही तसंच वाटतं. ज्ञानाने कान सुधारत नाही. भाट्येकर, ‘कळलंच नाही’ ते यामुळे.

भाट्येकर | मंगळ, सकाळी ७:५०

डॉक्टर, आभार. सकाळी हापिसातल्या फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून प्रयोग केला. शिपाई बघून गेला.

हर्णै_बंदर | मंगळ, सकाळी ८:३०

आमची बोट आहे. हेलिकॉप्टरचं काय समजत नाही, पण रात्रीचं समजतं. अमावस्येला बाहेर गेलं की पाणी कुठे संपलं नि आभाळ कुठे सुरू झालं, पत्ता लागत नाही. त्यात एलईडीवाले, म्हणजे झगझगीत दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी. २०१७ पासून बंदी आहे त्यांच्यावर, पण लांबवर रांगेने दिवे दिसायचे ते दिसतातच. नवीन खलाशी त्यांना गाव समजतो. म्हणतो, तांडेल, किनारा आला. किनारा पाठीमागे असतो!

निवृत्त_विंच | मंगळ, सकाळी ९:१५

हर्णैकर, तुम्ही पुस्तकातलं उदाहरण दिलंत. काळ्या पाण्यावरचे होड्यांचे दिवे वैमानिकाला तारे वाटतात. मग त्याच्या लेखी क्षितिज दिव्यांच्या खाली सरकतं, आणि तो ‘सरळ’ करायला म्हणून यंत्र चुकीच्या बाजूला नेतो. रात्रदर्शी चष्मे असले तरी फार सुटका नाही. दिसतं जास्त, पण खोली कळत नाही आणि नजरेचा आवाका आखडतो.

देवबागची_चेडू | मंगळ, सकाळी ९:४०

माका आंगणेवाडीच्या जत्रेतल्या पाळण्यात बसाक भिया वाटता. तुमी ह्या सगळा माहीत असून चढतास कसे?

शिकाऊ_पंखा | मंगळ, दुपारी १:१०

चढतो की ताई. मी कुडाळचा, सध्या राज्याबाहेर हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवाना करतोय. (संस्थेचं नाव विचारू नका, मास्तर मराठी वाचतात.)

वर सगळं समुद्राचं आणि रात्रीचं चाललंय, पण शिकताना अपघात होतात ते बरेचदा भर दिवसा, कोरड्या जमिनीवर, दहा-वीस फुटांत. ते लिहितो.

आधी गैरसमज. इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर धोंड्यासारखं पडतं, असं सगळे मानतात. तसं नाही. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो, तो खाली दाबला की पात्यांचा कल कमी होतो आणि खालून वर येणारी हवाच पंखा फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक वर करून वेग कमी करायचा, आणि शेवटच्या काही फुटांत पंख्यात साठलेला फेरा, म्हणजे त्याच्या फिरण्याचा जोर, वापरून अलगद टेकायचं. तो साठा एकदाच वापरता येतो.

अंदाज इथे चुकतो. नाक वर करणं उंचावर झालं तर वेगही संपतो, फेराही संपतो आणि जमीन अजून खाली असते. उशिरा झालं तर शेपूट आपटते. बरोबर वेळ किती, तर एक-दोन सेकंद. आणि ते सेकंद रोज वेगळ्या उंचीवर येतात, कारण वारा वेगळा, वजन वेगळं, उष्मा वेगळा. सुरुवातीला दांडा दाबण्याचंही तसंच. रॉबिन्सन आर-२२ सारख्या छोट्या यंत्राची पाती हलकी. इंजिन गेल्यावर सेकंदभरात दांडा खाली गेला नाही तर फेरा इतका पडतो की मग काहीच करता येत नाही. अमेरिकेत १९९५ साली आर-२२ आणि आर-४४ साठी प्रशिक्षणाचा खास वेगळा नियम काढावा लागला, तो उगाच नाही.

दुसरं म्हणजे कलंडणं. हेलिकॉप्टरखाली दोन नळ्या असतात, स्किड. उठताना एक नळी कशाला तरी अडकली, आपल्या सड्यावर कातळाच्या फटीत अडकेल तशी, आणि दुसरी सुटली, की यंत्र त्या अडकलेल्या नळीभोवती आडवं व्हायला लागतं. नवशिक्याचा हात काय करतो? घाबरून दांडा वर ओढतो. त्याला वाटतं वर काढलं की सुटेल. जितकं ओढाल तितकं जोरात आडवं. उपाय उलटा आहे, दांडा खाली.

तिसरं, स्वतःच्याच वाऱ्यात बसणं. पुढचा वेग जवळजवळ संपलाय, मिनिटाला तीनशे फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली येतोय आणि इंजिनची ताकद लावलेली आहे. अशा वेळी पंख्याने खाली ढकललेली हवा फिरून वरून परत पंख्यात शिरते. धरायला हवाच नीट मिळत नाही. हात पुन्हा तेच करतो, आणखी ओढतो, आणि आणखी जोरात खाली जातो. बाहेर पडायचं तर नाक पुढे घालून स्वच्छ हवेत जायचं, किंवा व्हुईशार नावाच्या स्विस वैमानिकाने शिकवलेली बाजूला निसटायची रीत. दोन्हीला उंची लागते. ती नसली तर रीत माहीत असून उपयोग शून्य. २ मे २०११ला अबोटाबादमध्ये ओसामाच्या वाड्यात अमेरिकन ब्लॅक हॉक बसलं ते असंच. सराव जाळीच्या कुंपणात केला होता, तिथे हवा आरपार जायची. खऱ्या जागी भिंती भरीव होत्या.

तिन्हींत हाताला वाटतं ते चूक असतं. म्हणून तर मुद्दाम तिथपर्यंत नेऊन हाताची खोड मोडतात. पुस्तक वाचून ती मोडत नाही.

वाकडीवाट | मंगळ, दुपारी २:००

मग मास्तर काय करतो? बघत बसतो?

शिकाऊ_पंखा | मंगळ, दुपारी २:२५

हाच तर सगळ्यात अवघड अंदाज आहे, आणि तो विद्यार्थ्याचा नसतो. मास्तरांनी लवकर हात घातला तर मी काही शिकत नाही, कारण चूक कशी दिसते तेच मला कळत नाही. उशिरा घातला तर दोघेही जातो. आमचे सर म्हणतात, वाईट विद्यार्थ्याबरोबर ते सावध असतात. भीती वाटते ती चांगल्याची. तो बऱ्याचदा नीट उतरवतो, मास्तरांचा हात सैल पडतो, आणि तो अचानक काहीतरी अतर्क्य करतो.

निवृत्त_विंच | मंगळ, दुपारी ३:४०

अगदी. आणि ताबा नेमका कुणाकडे, हा दुसरा घोळ. म्हणून तोंडाने म्हणायचं, ‘आय हॅव कंट्रोल’, समोरच्याने उत्तर द्यायचं, ‘यू हॅव कंट्रोल’, पहिल्याने पुन्हा म्हणायचं. पोरखेळ वाटतो. पण दोघांनीही धरलंय किंवा दोघांनीही सोडलंय, अशी परिस्थिती तीन सेकंद राहिली तरी पुरते.

रिगवाला | मंगळ, संध्या ६:१०

गुहागर. मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रात कामाला. आमच्यासाठी हेलिकॉप्टर म्हणजे कामावर जायची गाडी. १३ जानेवारी २०१८ला असंच कामावर निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, सातही जण गेले. २८ जून २०२२ला सागर किरण रिगजवळ पाण्यात उतरावं लागलं, नऊपैकी चार गेले. कारणांत शिरत नाही, ते माझं काम नाही.

प्रवाशाचं प्रशिक्षण सांगतो, कारण तेही प्रशिक्षणच. तलावात एक डबा असतो हेलिकॉप्टरसारखा. आत पट्टे बांधून बसवतात, पाण्यात सोडतात आणि उलटा करतात. उलटा का, तर इंजिन नि गिअरबॉक्स डोक्यावर असतात, त्यामुळे पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर बहुधा उलटंच होतं. एका हाताने खिडकीची कड धरायची आणि ती सोडायची नाही. पट्टा लगेच काढायचा नाही, नाहीतर पाण्याचा लोंढा तुम्हाला आतच कुठेतरी नेऊन टाकतो. सगळं थांबलं की खिडकी ढकलायची, पट्टा काढायचा, धरलेल्या हाताच्या दिशेने बाहेर. पहिल्यांदा आमच्यातला पट्टीचा पोहणारा, वेळणेश्वरचा, चुकीच्या बाजूला गेला. नाकात पाणी शिरलं की वर कुठे नि खाली कुठे ते कळत नाही. डॉक्टरांनी लिहिलंय तेच असणार.

कानगोष्टी | मंगळ, संध्या ७:०२

हो. थंड पाणी कानात गेलं तर वेगळी चक्करही येते. त्यात अंधार. म्हणून हाताने धरलेली कड हाच एकमेव खरा पुरावा.

मुरुडची_वकील | मंगळ, रात्री ९:३०

वाकडीवाट यांच्या पहिल्या प्रतिसादावर कुणी नीट बोललं नाही. ते पूर्ण चूक नाहीत.

नागरी अपघातांची चौकशी आपल्याकडे २०१२ पासून एएआयबी (विमान अपघात अन्वेषण ब्यूरो) ही यंत्रणा करते. आंतरराष्ट्रीय नियमांत, तेराव्या परिशिष्टात, स्वच्छ लिहिलंय की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वा जबाबदारी वाटणं हा नाही. अहवाल लोकांसाठी असतो. लष्करी विमानांचं वेगळं, त्यांची कोर्ट ऑफ इन्क्वायरी असते आणि तिचं सगळं बाहेर येत नाही. ८ डिसेंबर २०२१च्या कुन्नूर अपघाताचं आठवा. जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जण गेले. हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला, एवढं पुढच्याच महिन्यात सांगितलं. तीन वर्षांनी संसदीय समितीच्या अहवालात त्या अपघातापुढे कारण आलं, मानवी चूक. एका रकान्यात दोन शब्द. कायद्याने ठीक असेल. पण शिकाऊ_पंखासारख्या मुलाला त्या दोन शब्दांतून शिकता काय येणार?

वाकडीवाट | मंगळ, रात्री ९:४४

वकीलबाई, हेच म्हणत होतो, फक्त तुम्ही सभ्य भाषेत म्हणालात.

निवृत्त_विंच | मंगळ, रात्री १०:३०

आता त्या ‘अर्ध्या’वर येतो.

२९ नोव्हेंबर २००६, फिजीजवळ समुद्रात ऑस्ट्रेलियन लष्कराचं ब्लॅक हॉक कॅनिंब्ला या जहाजावर उतरायचा सराव करत होतं. जहाजापाशी वेगात यायचं आणि अगदी शेवटी झटक्यात थांबायचं, अशी पद्धत. वारा पाठीमागून होता. थांबताना जितकी ताकद लागली तितकी इंजिनांकडे नव्हती, पंख्याचा फेरा पडला, यंत्र डेकवर आदळून समुद्रात गेलं. दहापैकी दोघे दगावले, त्यांत स्वतः वैमानिक. यंत्रात दोष नव्हता. पेपरच्या भाषेत वैमानिकाचा अंदाज चुकला.

पण चौकशीवाले तिथे थांबले नाहीत. असं जोरात येणं त्या तुकडीत हळूहळू नेहमीचं होत गेलं होतं, त्याचीही नोंद केली. आदल्या वेळी निभावलं, त्याच्या आदल्या वेळी निभावलं, म्हणून हद्द थोडी थोडी पुढे सरकत गेली. कुणी एका दिवशी ठरवून सरकवली नाही. वैमानिक चुकला हे खरंच, त्याला सूट देऊ नका. त्याच्या हाताखालचं यंत्र तोच चालवत होता. पण तो अंदाज त्याने एकट्याने कमावलेला नव्हता. आजूबाजूचे सगळे तसंच उतरत होते.

दुसरं, पाठीमागचा वारा. कोकणात हे फार लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुपारी समुद्राकडून खारा वारा, रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई. हेलिकॉप्टरने शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं असतं. सकाळी ज्या दिशेने उतरलात तीच दुपारी उलटी होते. मधल्या वेळेत वारा पडतो आणि मग कुठूनही येतो. वारा पाठीवर असला की जमीन डोळ्याखालून वेगाने पळते. वैमानिकाला वाटतं आपण फार वेगात आहोत, तो वेग कमी करतो. हवेतला वेग आधीच कमी असतो, तो संपतो. मग शिकाऊ_पंखाने लिहिलेलं तिसरं सुरू.

हर्णै_बंदर | मंगळ, रात्री १०:५०

वारा कधी फिरणार हे आमचा म्हातारा पाण्यावरची खवल बघून अर्धा तास आधी सांगायचा. हेलिकॉप्टरवाल्यांनी असा एखादा ठेवावा.

निवृत्त_विंच | मंगळ, रात्री ११:००

ठेवतातच. त्यालाच हवामान खातं म्हणतात. म्हातारा जास्त भरवशाचा, हे मान्य.

संपादक_मंडळ | बुध, सकाळी १०:००

कोणता नेता हेलिकॉप्टरने का फिरतो, यावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. विषयाला धरून लिहावे.

माणगावचा_पोस्टमन | बुध, सकाळी ११:२०

राजकारण नाही, पण आमच्या रायगडचं लिहितो. ३ मे २०२४ला महाडला नेत्या सुषमा अंधारे यांना घ्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरताना आपटून आडवं झालं. धुळीचा लोट सगळ्यांनी मोबाइलवर बघितला. वैमानिक वाचला. आणि २ ऑक्टोबर २०२४ला बावधनला पडलं ते पुण्याहून निघालेलं. सकाळचं धुकं, डोंगर, तिघे गेले.

आता कामाचं. आमच्या गावात सभा होऊ घातली आहे आणि सड्यावर हेलिपॅड करायचं म्हणतायत. ग्रामपंचायतीत मी नाही, पण सगळी कामं माझ्याच गळ्यात पडतात. काय बघायचं?

शिकाऊ_पंखा | बुध, दुपारी १२:१५

सरकारी बांधकामवाले आणि पोलीस येऊन मापं सांगतील, ती पाळा. त्यांच्यापलीकडचं सांगतो.

सड्यावरची माती बारीक. आदल्या दिवशी आणि उतरायच्या आधी, दोनदा पाणी मारा. टँकर लागेल, कळशीने भागणार नाही. शेवटच्या वीस फुटांत धूळ उडाली की वैमानिकाला काही दिसत नाही, आणि दिसत नसताना नळी कातळावर आडवी टेकली की मघाचं कलंडणं. चिखल करू नका, नळी रुततेही.

मांडवाचं कापड, ताडपत्री, खुर्च्या, स्वागताचे फ्लेक्स, प्लास्टिक, सगळं लांब. पंख्याखालची हवा ताडपत्री उचलते आणि ती पात्यांत गेली तर संपलं.

विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. तारा कुठून कुठे गेल्यात हे आधी कळवा. २५ मे २०१७ला निलंग्याला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उठल्या उठल्या खाली आलं, तेव्हा तारांत अडकल्याचं सगळ्यांनी वाचलंय.

वाऱ्यासाठी एखादा झेंडा किंवा धूर. धूर उत्तम, फार लांबून दिसतो.

निवृत्त_विंच | बुध, दुपारी १२:४०

माणसांचंही सांग की. शेपटीकडे कुणालाही जाऊ देऊ नका, मागचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही. वैमानिकाने खूण केल्यावरच, त्याला दिसेल असं पुढून, वाकून जायचं. आणि जागा उताराची असेल तर चढाच्या बाजूने मुळीच नाही, तिकडे पंखा डोक्याच्या उंचीवर येतो. फेटा, टोपी, उपरणं काढून हातात घट्ट. पुष्पगुच्छ घेऊन धावणारा एक तरी असतोच. त्याला आधीच बसवून ठेवा.

माणगावचा_पोस्टमन | बुध, दुपारी १:३०

पुष्पगुच्छवाला आमचा उपसरपंच आहे. आणि जागा म्हणाल तर सड्यावर सपाट एवढीच, तिथे पोरांचं क्रिकेटचं पिच. पाणी मारलं तर पोरं मला मारतील.

शिकाऊ_पंखा | बुध, दुपारी १:३६

पोरांनाच पाणी मारायला लावा. पिच बसेल.